महागड्या लंडनमधलं फुकटचं लंडन

लंडनकराला त्याच्या शहराविषयी विचारलं, तर आधी तो रडगाणंच गाईल. घरभाडं, ट्यूबमधली चेंगराचेंगरी, नोव्हेंबरात दुपारी चारलाच पडणारा अंधार. मग इथून हलत का नाहीस, असं म्हटलं की बहुधा एखाद्या बागेचं, तळ्याचं नाहीतर संग्रहालयाचं नाव निघतं. म्हणजे अशा जागेचं, जिथे खिशात हात घालावा लागत नाही.

हॅम्पस्टेड हीथच घ्या. उत्तर लंडनमधलं हे सुमारे ३२० हेक्टरचं माळरान. आखीव वाफे फारसे नाहीत. वाढलेलं गवत, चिखल आणि मोकाट हुंदडणारी कुत्री. जमिनीचे मालक सर थॉमस मॅरियन विल्सन यांना इथे घरं बांधायची होती. १८२९ पासून १८६९ मध्ये मरेपर्यंत ते परवानगीसाठी पार्लमेंटशी झगडत राहिले आणि आसपासचे वजनदार रहिवासी त्यांना आडवे येत राहिले. पुढे १८७१ मध्ये कायदा झाला आणि ४५ हजार पौंड मोजून हीथ लोकांसाठी विकत घेतलं गेलं. त्याच्या उत्तर टोकाला केनवुड हाऊस आहे. गिनेस बीअरवाल्या घराण्यातल्या लॉर्ड आयव्हा यांनी मृत्युपत्रानं देशाला दिलेलं. बुटांचा चिखल झटकून आत शिरायचं, तर समोर खुद्द रेम्ब्रांटचं आत्मचित्र आणि व्हर्मिअरची गिटारवाली. तिकीट नाही.

राष्ट्रीय संग्रहालयांचंही तेच. काहींनी मध्यंतरी प्रवेशशुल्क लावलं होतं, ते डिसेंबर २००१ मध्ये गेलं. खास प्रदर्शनांना पैसे पडतात, पण कायमचा संग्रह खुला. यानं बघण्याची रीतच बदलते. तिकीट काढलं की माणूस वसुलीसाठी सगळी दालनं तुडवतो. फुकट असलं की जेवणाच्या सुट्टीत एकच चित्र बघून परत कामाला जातो. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात विद्यार्थिदशेतले डॉ. आंबेडकर तासन् तास बसत. १९२१-२२ मध्ये ते किंग हेन्रीज रोडवरच्या १० क्रमांकाच्या घरात राहिले. महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये ते विकत घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे.

त्या घरापासून जवळच प्रिमरोझ हिल. टेकडीवरून सेंट पॉल कॅथीड्रलचा घुमट दिसतो, कारण तो दिसलाच पाहिजे असा नगररचनेचा नियम आहे. अशी काही दृश्यं शहरानं राखून ठेवली आहेत. २०१४ मध्ये पुरी झालेली लेडनहॉल इमारत, जिला लोक चीजची किसणी म्हणतात, वर निमुळती आणि तिरकी होत जाते, ती फ्लीट स्ट्रीटवरून घुमट झाकू नये म्हणून.

याची किंमत कुणीच देत नाही असं मात्र नाही. शहराभोवतीचा हरितपट्टा राखायला १९३८ मध्ये कायदा झाला. जिथे बांधायचं नाही अशी जमीन इतकी, की उरलेल्या जागेचे भाव चढण्याचं तेही एक कारण ठरतं. म्हणजे फुकटच्या हिरवळीचे पैसे भाडेकरू दर महिन्याला भरतोच, फक्त पावती दुसऱ्याच्या नावावर फाटते. ज्याला हीथजवळ घर परवडतं त्याची चैन; बाकीच्यांनी बस पकडून यायचं.

आणि हक्काची सवय किती मुरते ते हीथवरच्या तळ्यांत बघावं. तिथे लोक थंडीतही पोहतात. पैसे दिले तर दिले, असा बरीच वर्षं मामला होता. २०२० मध्ये शुल्क सक्तीचं झालं आणि पोहणारे चिडून निदर्शनांना उतरले. रक्कम दोन-चार पौंडांचीच होती.