घरापर्यंत पोहोचणारा उपचार : व्यवसायोपचार

वाणिज्य शाखेत शिकलेल्या माणसाला ‘व्यवसाय’ म्हटले की खरेदी-विक्री व नफा-तोटा आठवतो. ‘व्यवसायोपचार’ या शब्दातील व्यवसाय मात्र निराळा आहे. सकाळी उठल्यापासून रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत माणूस जे जे करतो, म्हणजे दात घासणे, स्नान, कपडे घालणे, जेवण, स्वयंपाक, शाळा, नोकरी, देवपूजा, ते सारे येथे व्यवसायच होय. आजाराने वा अपघाताने यांपैकी जे हातून निसटले, ते रुग्णाला पुन्हा करता यावे यासाठी व्यवसायोपचारतज्ज्ञ झटतात. फिजिओथेरपीचा भर स्नायूंचे बळ व हालचाल वाढविण्यावर असतो. त्या बळावर रुग्णाला आपला सदरा आपण घालता येतो का, याकडे व्यवसायोपचाराचे लक्ष असते.

भारतात या विषयाच्या शिक्षणाचा पाया १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात घातला गेला. त्याचे श्रेय जन्माने अमेरिकन व विवाहाने महाराष्ट्राच्या झालेल्या श्रीमती कमला निंबकर यांना जाते.

रुग्णालयात खाट योग्य उंचीची, फरशी सपाट, शौचालयात धरावयास दांडा आणि हाकेच्या अंतरावर परिचारिका असते. घरी उंबरठा असतो, मोरी अरुंद व निसरडी असते, शौचालय उकिडवे बसण्याचे असते. पक्षाघाताचा जो रुग्ण वॉर्डात आधाराने चालू लागलेला असतो, तोच घरी एका पायरीशी अडतो आणि पुन्हा अंथरूण धरतो. म्हणून तज्ज्ञाने घरी जाणे आवश्यक ठरते.

घरभेटीत प्रथम रुग्ण काय काय स्वतः करतो याची नोंद होते. त्यासाठी जगभर वापरला जाणारा ‘बार्थेल निर्देशांक’ १० दैनंदिन कृतींना मिळून ० ते १०० गुण देतो. हा जणू स्वावलंबनाचा ताळेबंदच. मग उपाय ठरतात आणि त्यांतील बरेच अल्पखर्चाचे असतात : खाटेच्या पायांखाली लाकडी ठोकळे, कमोड खुर्ची, भिंतीत पक्का बसविलेला दांडा, पकड दुबळी असल्यास चमच्याच्या दांड्याला जाड गुंडाळी, एका हाताने भाजी चिरता यावी म्हणून ती रोवून धरणारी खिळ्यांची पाटी. चाकाच्या खुर्चीसाठी १ फूट उंच जोत्याला १२ फूट लांबीचा उतार लागतो; तेवढी जागा नसल्यास दुसरा मार्ग शोधावा लागतो. हेच काम वस्तीत व शाळेतही चालते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला पाठीला व पायांना योग्य आधार देणारे आसन मिळाले, तर त्याचे हात लिहिण्यासाठी मोकळे होतात.

रुग्णांच्या आप्तांस एक विनंती. मायेपोटी रुग्णाचे सारे काही आपणच करू नये. सदरा घालण्यास त्याला वीस मिनिटे लागली तरी लागू द्यावीत. घालताना दुबळा हात आधी, काढताना तो शेवटी, एवढे ध्यानी ठेवावे. दुबळ्या हाताला धरून ओढून उठवू नये; त्याने खांद्यास इजा होते. दिवसरात्र सेवा करणाऱ्यानेही विश्रांती घ्यावी. तोही उपचाराचाच भाग आहे.

आता थोडे हिशेबाचे. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात. ही गणना खाटांची आहे. घरभेटीला खाट नसते. तज्ज्ञाचा अर्धा दिवस, प्रवासखर्च आणि एखादा दांडा, एवढाच तिचा खर्च. पण ज्या घरी तिची सर्वाधिक गरज असते, तेथे तो देण्याची ऐपत बहुधा नसते. शस्त्रक्रिया व औषधे यांवर झालेला मोठा खर्च मात्र या छोट्या खर्चाअभावी वाया जाऊ शकतो.

नव्या यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लागते, घरभेटीवर ती लागत नाही. तरीही सहृदय देणगीदारांनी या कार्यास साहाय्य करावे. घरी विनावापर पडून असलेली वॉकर, कमोड खुर्ची वा चाकाची खुर्ची सुस्थितीत असल्यास तीही गरजूंपर्यंत पोहोचू द्यावी. कोणी वृद्ध माता पुन्हा आपल्या हाताने देवापुढे निरांजन लावील, तेव्हाच तिच्यावरील उपचार पूर्ण झाला असे आम्ही मानतो.