आधी पाय टेकले पाहिजेत

श्रीपूरच्या बाजूला पहिली गाडी घ्यायची म्हटली की घरात दोन प्रश्न निघतात: ॲव्हरेज किती देते आणि किती सीसीची. दोन्ही रास्त आहेत, पण नवशिक्याने ते थोडे मागे ठेवावेत. आधी गाडी जागेवर उभी असताना सीटवर बसायचं आणि दोन्ही तळपाय जमिनीला नीट टेकतात का ते बघायचं. नुसते चवडे टेकत असतील तर ती गाडी अजून आपली नाही.

नवा माणूस वेगात कमी पडतो, थांबताना जास्त. फाट्यावर वळताना, कडेच्या खडीत किंवा बाजाराच्या गर्दीत वेग संपतो, गाडी एका अंगाला कलते आणि ती सावरायची असते पायाने. स्प्लेंडर प्लसचं वजन सुमारे ११२ किलो आणि सीटची उंची ७८५ मिलिमीटर. १५० सीसीची पल्सर दीडशे किलोच्या आसपास जाते, तर क्लासिक ३५० तब्बल १९५ किलोची. कललेली ११२ किलोची गाडी सावरते. १९५ किलोची गाडी कलायला लागली की नवख्याला घेऊनच खाली जाते. म्हणून शोरूममध्ये इंजिन बंद ठेवून गाडी पुढे-मागे ढकलावी, हँडल धरून वळवावी, मेन स्टँडवर चढवावी. विकणारा कंटाळला तरी चालेल.

दुसरा विचार रस्त्याचा. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये स्थापलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना श्रीपुरात उभा राहिला आणि या रस्त्यांना हंगाम लागला. आज इथल्या पांडुरंग साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं की अकलूज–माळीनगर–बोरगाव पट्ट्यात ट्रॅक्टरमागे जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या आणि बैलगाड्या रात्रंदिवस धावतात. पुष्कळांना मागचा दिवा नसतो. रिफ्लेक्टर असलाच तर वाढ्यांनी झाकलेला.

इथे थोडं गणित करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. पुढची ट्रॉली दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत तो सेकंद गेलेला असतो. कोरड्या डांबरावर बऱ्यापैकी ब्रेक लागला तरी थांबायला आणखी २०–२५ मीटर लागतात. म्हणजे एकूण चाळीसेक मीटर. ताशी ४० वर हाच हिशेब निम्म्यावर, २०–२२ मीटरवर येतो. लो बीमच्या उजेडात बिनदिव्याची ट्रॉली चाळीस मीटरवरून दिसेलच असं नाही. त्यामुळे पहिल्या गाडीत ताकदीपेक्षा हेडलाइट आणि ब्रेक यांचं मोल जास्त. जमल्यास अंधार पडल्यावर ट्रायल मागावी.

ब्रेक लावला की वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून थांबवण्याचं बरंचसं काम पुढचा ब्रेक करतो. ‘पुढचा दाबू नको, उलटशील’ हा घरोघरचा सल्ला अर्धाच खरा आहे: झटक्यात आवळू नये, हळूहळू दाब वाढवत न्यावा. २०१९ पासून नव्या गाड्यांना १२५ सीसीपर्यंत सीबीएस आणि त्यावर एबीएस बंधनकारक झालं. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. एबीएस चाक जाम होऊ देत नाही. उसाच्या चिपाडांवर, ओल्या रस्त्यावर ते फार उपयोगी. मात्र एबीएस असलेल्या बऱ्याच गाड्यांना ते फक्त पुढच्या चाकाला असतं, एवढं विचारून घ्यावं.

शेतातल्या वस्तीवर राहणाऱ्यांनी टायर ट्यूबलेसच घ्यावेत. बाभळीचा काटा लागला तर हवा हळूहळू उतरते, गावापर्यंत पोहोचता येतं. काळ्या रानाचा चिखल मडगार्डखाली बसून चाक धरतो. तिथे मडगार्ड आणि टायरमधली फट मोठी असलेली साधी गाडी बरी. गिअरचंही पाहा. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे दाबून पडतात, पल्सरचा पहिला खाली आणि बाकीचे वर. मोठ्या भावाच्या गाडीवर शिकून दुसऱ्या पद्धतीची गाडी घेतली, तर ऐन घाईत पाय चुकतो.

माझं मत विचाराल तर पहिली गाडी १०० ते १२५ सीसीची, आणि जुनीच. शिकताना ती एकदा तरी आडवी होणार. नव्या टाकीला पडलेला पोचा उगाच जिवाला लागतो. पण जुनी घेताना सकाळी आधी न कळवता जावं. इंजिनाला हात लावावा. गरम लागलं तर मालकाने आधीच चालू करून ठेवलंय, थंड गाडी किकला दाद देत नसावी. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, मोठा खर्च. मेन स्टँडवर लावून पुढचं चाक उचलावं आणि हँडल सावकाश फिरवावं; मधोमध खाच लागल्यासारखं अडकलं तर बॉलरेसर गेले. पुढच्या शॉकअपवर तेलाचा ओलावा नको. गाडीने दुधाच्या किटल्या वाहिल्या असतील तर कॅरिअरचे नट आणि मागचे शॉकअप बघितल्याशिवाय किंमत बोलू नये. दुधाची गाडी कमी किलोमीटरमध्येही म्हातारी होते. टायरच्या कडेला चार आकडे असतात: २३२१ म्हणजे २०२१ चा २३वा आठवडा.

कागदात आरसीवरचा चासी नंबर गाडीशी जुळवा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. सगळे पैसे गाडीत न घालवता आयएसआय शिक्क्याचं, पट्टा घट्ट बसणारं हेल्मेट त्याच दिवशी घ्यावं.

गिअरच्या गाडीचं लायसन्स १८ पूर्ण झाल्यावर. या भागाचं आरटीओ ऑफिस अकलूजला, म्हणजे एमएच ४५. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं, आणि पक्क्याची टेस्ट ३० दिवसांनंतर देता येते. तोवर शिकवणाऱ्याखेरीज कुणालाही डबल सीट घेता येत नाही. त्या महिन्यात सकाळी मोकळ्या मैदानात आठचा आकडा गिरवावा, पाय खाली न टेकवता, क्लच अर्धा धरून आणि जेमतेम चालीच्या वेगात. टेस्टलाही तोच काढायला सांगतात.