आधी आवाज, मग पुस्तक

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात ललित पुस्तकाची विक्री दुकानात फारशी होत नाही. वसमत, कळमनुरी किंवा सेनगावसारख्या तालुक्याच्या गावी पुस्तकाच्या दुकानाचा धंदा मुख्यतः पाठ्यपुस्तके, वह्या आणि स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके यांवर चालतो, आणि नवा कवितासंग्रह तिथे पोहोचलाच तर लेखकाच्या ओळखीने व ‘विकल्यावर पैसे’ या बोलीवर पोहोचतो. त्यामुळे विक्रीचे खरे ठिकाण म्हणजे सभागृहाच्या दाराशी मांडलेले टेबल. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, १४ एप्रिलची आंबेडकर जयंती, महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन किंवा व्याख्यानमाला संपली, की त्या टेबलाभोवती जी गर्दी होते, तीच काय ती या पुस्तकाची बाजारपेठ असते.

या टेबलामागचे गणित साधे असले तरी लेखक ते क्वचितच मांडून पाहतात. समजा, दोनशे रुपये किमतीच्या पुस्तकाची पाचशे प्रतींची आवृत्ती निघाली आणि दहा टक्के रॉयल्टी, म्हणजे छापील किमतीवर लेखकाला मिळणारा वाटा, ठरली, तर शेवटची प्रत विकली गेल्यावरही हाती दहा हजारच रुपये येतात. याउलट, चाळीस टक्के सवलतीने स्वतः प्रती विकत घेऊन लेखकाने त्या टेबलावर दीडशे रुपयांना दिल्या, तर प्रतीमागे वीसऐवजी तीस रुपये सुटतात. मात्र गठ्ठे वाहणे, सुटे पैसे सांभाळणे आणि ओळखीच्यांना भेट द्याव्या लागणाऱ्या प्रतींचा भार सोसणे हेही त्याच्याच वाट्याला येते. या हिशेबात मोठा आकडा कार्यक्रमाच्या मानधनाचा असतो, आणि एका चांगल्या कार्यक्रमाचे मानधन पुष्कळदा वर्षभराच्या रॉयल्टीला मागे टाकते.

वसमत तालुक्यातील रिधोरा गावी जन्मलेले कवी इंद्रजित भालेराव यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ‘पीकपाणी’ हा त्यांचा संग्रह १९८९मध्ये आला. पण शेतकऱ्याच्या बोलीतली त्यांची कविता गावोगाव पसरली ती प्रामुख्याने काव्यवाचनांतून आणि शेतकरी चळवळीच्या मेळाव्यांतून. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांनी महाराष्ट्रभर एकत्र काव्यवाचने करून हा रस्ता आधीच मळवून ठेवला होता. मराठवाड्यात काव्यवाचनाला कीर्तनाने तयार केलेला श्रोताही लाभला. कीर्तनकार संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नर्सी याच जिल्ह्यात आहे. त्याच नामदेवांच्या नावाने २०१५ साली पंजाबातील घुमान येथे ८८वे साहित्य संमेलन भरले, तेव्हा तिथे पुस्तकांना गिऱ्हाईक मिळणार नाही म्हणून मराठी प्रकाशकांनी बहिष्काराची भूमिका घेतली. ती अप्रिय वाटली तरी व्यवहाराच्या दृष्टीने चुकीची म्हणता येणार नाही.

कवितेचे गाणे झाले, कथेचा एकपात्री प्रयोग झाला किंवा श्राव्य पुस्तक निघाले, तर मिळणारे उत्पन्न करारावर अवलंबून असते. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार छपाई, भाषांतर, रूपांतर आणि ध्वनिमुद्रण हे वेगवेगळे देता येणारे हक्क आहेत, करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्कांचे हस्तांतर पाच वर्षांपुरतेच धरले जाते, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हे हक्क वारसांकडे राहतात. तरीही ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ असे वाक्य असलेल्या कागदावर पहिल्या पुस्तकाच्या आनंदात सही करणारे लेखक कमी नाहीत. छपाईचा खर्चही स्वतःच करून असे हक्क देणे हा तर शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार होय.

या व्यवस्थेची एक बाजू मात्र काळजीची आहे. मंचावर चालणाऱ्या लेखनालाच पैसा मिळतो असे दिसले, की कवी टाळी मिळेल अशा ओळीकडे झुकतो, आणि औंढा नागनाथच्या मंदिराच्या शिल्पांवर किंवा हळदीच्या शेतीच्या इतिहासावर मेहनतीने लिहिलेल्या पुस्तकाला टेबलही मिळत नाही. अशा पुस्तकाला उरतात ती सार्वजनिक ग्रंथालये, ज्यांना १९६७च्या कायद्याखाली वर्गवारीप्रमाणे अनुदान मिळते, आणि दूरवर विखुरलेले मोजके वाचक. या वाचकांपर्यंत प्रत पोहोचवण्यासाठी टपाल खात्याने १ मे २०२५पासून सुरू केलेली ‘ज्ञान पोस्ट’ सेवा उपयोगी आहे. तीनशे ग्रॅमपर्यंतच्या पुस्तकाला वीस रुपये आणि पाच किलोपर्यंतच्या गठ्ठ्याला शंभर रुपये, अधिक कर, असा तिचा सुरुवातीचा दर होता. दोनशे रुपयांच्या पुस्तकावर खासगी कुरिअरचा खर्च पडला, की विक्रीतून सुटणारे तीस रुपये बहुधा त्यातच जातात. म्हणून मंच नसलेल्या लेखकाला टपालाचा हा दर रॉयल्टीच्या टक्केवारीइतकाच महत्त्वाचा ठरतो.