बत्तीस बार, आठ आवर्तनं

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला ज्यांचं नाव आहे ते डॉ. वसंतराव देशपांडे आणि ‘अलबेला’चे संगीतकार सी. रामचंद्र हे दोघेही लहानपणी याच शहरात एकाच गुरूकडे शिकले. शंकरराव सप्रे हे ते गुरू. पलुस्करांच्या परंपरेतले सप्रे श्रीराम संगीत विद्यालय चालवत. त्यांचा एक विद्यार्थी ख्यालात आणि नाट्यसंगीतात गेला. दुसरा मुंबईच्या स्टुडिओत चिक चॉकलेट या गोमंतकीय ट्रम्पेटवादकाला हाताशी घेऊन उभा राहिला. 1951च्या ‘अलबेला’त चिक आणि त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. त्या चित्रपटातल्या गाण्यांच्या ब्रास विभागावर अमेरिकन स्विंगची छाप स्पष्ट ऐकू येते. जाझ आपल्याकडे कधी आलंच नाही असं म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की ते आपल्या आजोबांच्या रेडिओत होतं आणि ते करणाऱ्याचे सूर नागपुरात घोटून घेतलेले होते.

तरीही जाझची एखादी नवी ध्वनिमुद्रिका आली की नागपूरच्या रसिकाला तिच्याबद्दल वाचायला काय मिळतं? बहुतेक वेळा विशेषणं. ‘मंत्रमुग्ध करणारं’, ‘प्रयोगशील’, ‘सीमा ओलांडणारं’. पाचांपैकी चार तारे. यातून रसिकाच्या हाती काही लागत नाही. परीक्षण कामाचं ठरायचं तर त्यातून तीन गोष्टी कळल्या पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. कोण कोण वाजवतंय, कोणत्या चौकटीवर वाजवतंय आणि त्या चौकटीचं त्यांनी त्या दिवशी काय केलं. जाझमध्ये ‘त्या दिवशी’ याला मोल आहे. तीच धून तोच वादक दुसऱ्या दिवशी वेगळी वाजवतो, म्हणून प्रत्येक मुद्रण हा त्या एका दिवसाचा दस्तऐवज असतो. हे मैफलीत वाढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. एकाच गवयाच्या एकाच रागाच्या दोन मैफलींवर तो रात्रभर वाद घालतो.

चौकटीचं मात्र थोडं सांगावं लागतं, आणि ते आपल्याच हिशेबात सांगता येतं. जाझमध्ये सर्वसाधारणपणे चार मात्रांचा एक बार धरतात. ब्लूज म्हणजे बारा बारांचं चक्र, म्हणजे 48 मात्रा, अर्थात तीनतालाची तीन आवर्तनं. दुसरी नेहमीची चौकट बत्तीस बारांची, म्हणजे 128 मात्रा, तीनतालाची बरोबर आठ आवर्तनं. आधी ठरलेली धून वाजते, ती आपल्या बंदिशीच्या जागी समजा. मग एकेक वादक त्याच चक्रावर आपली उपज करतो, आणि शेवटी धून परत येते. चक्राच्या पहिल्या मात्रेवर सगळे एकत्र भेटतात, तेव्हा होणारा आनंद समेचाच असतो. मधे कधी कधी वादक आणि ड्रमर चार-चार बार वाटून घेतात. तो सवाल-जवाब ओळखायला कोणाची मदत लागू नये.

एक फरक मात्र नीट लक्षात घ्यावा. आपला षड्ज मैफलभर तानपुऱ्यावर स्थिर असतो. जाझमध्ये पायाखालची जमीन सरकते. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, बदलतात, आणि कालचा न्यासाचा स्वर आज खटकतो. नवख्या कानाला जाझ ‘बेसूर’ वाटतं ते याच ठिकाणी. म्हणून सुरुवात ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 1959च्या ‘काइंड ऑफ ब्लू’मधल्या ‘सो व्हॉट’पासून करावी. तिथे जमीन सरकते, पण अगदी मोजून. पहिले सोळा बार एकच स्वरसमूह आहे, कोमल गंधार आणि कोमल निषाद, बाकी शुद्ध. म्हणजे आपला काफी थाट. मग आठ बार तोच थाट पण षड्ज अर्ध्या स्वराने वर चढलेला. मग आठ बार परत मूळ जागी. तीनतालात मोजलं तर चार आवर्तनं, दोन आवर्तनं, दोन आवर्तनं. एकदा हाताने मोजून पाहा. षड्ज वर चढतो तो क्षण दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला आपसूक जाणवू लागतो, आणि मग डेव्हिसने त्या उंबरठ्यावर कोणता स्वर ठेवला हे ऐकण्यात खरी मजा येते. टाळी मात्र एक आणि तीनवर नव्हे, दोन आणि चारवर. ड्रमरचा डावा पाय हाय-हॅटवर तेच सांगत असतो.

हे एवढं कळलं की ‘नवी’ ध्वनिमुद्रिका परखता येते. जाझमध्ये नव्याचा अर्थही जरा वेगळा आहे. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन 1967 साली गेला, पण त्याची ‘इव्हिनिंग्ज अॅट द व्हिलेज गेट’ 2023 मध्ये बाजारात आली. मुद्रण ऑगस्ट 1961चं. ध्वनिअभियंता रिचर्ड आल्डरसन क्लबमधली नवी यंत्रणा तपासत होता, म्हणून त्याने एकाच मायक्रोफोनवर ते करून ठेवलं होतं. फिती पुढे हरवल्या आणि अनेक वर्षांनी न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत सापडल्या. एकच मायक्रोफोन, हे परीक्षणात सांगितलंच पाहिजे. एल्विन जोन्सचे ड्रम अंगावर येतात आणि मॅकॉय टायनरचा पियानो मागे पडतो, त्याचं कारण तेच आहे. ते न सांगता ‘ड्रमचा अतिरेक’ असं लिहिणं हा वादकावर अन्याय होईल. या मुद्रिकेत ‘इम्प्रेशन्स’ नावाची धून आहे. तिची चौकट तंतोतंत ‘सो व्हॉट’ची. वर मोजलेली आठ आवर्तनं इथे द्रुत लयीत पळतात, आणि कोल्ट्रेनचा साथीदार एरिक डॉल्फी त्याच उंबरठ्यावरून अशा उड्या घेतो की वसंतरावांच्या ताना आठवाव्यात. ‘आफ्रिका’ ही धून इथे 22 मिनिटं चालते. ध्वनी खडबडीत असला तरी ही मुद्रिका मी आवर्जून ऐका म्हणेन.

याच कोल्ट्रेन-डॉल्फी जोडीला त्याच वर्षी, नोव्हेंबर 1961 मध्ये, ‘डाउन बीट’ या नावाजलेल्या अमेरिकन मासिकात जॉन टायनन या समीक्षकाने जाझविरोधी ठरवलं होतं. पुढच्या वर्षी त्याच मासिकाने दोघांची मुलाखत छापून त्यांना उत्तर देऊ दिलं, हे मासिकाचं मोठेपण. टायनन कोणी अडाणी माणूस नव्हता. स्विंगचा ओळखीचा झोक हीच त्याची मोजपट्टी होती, आणि समोरचं संगीत ती मोडून पुढे गेलं होतं. उलट उदाहरण समीक्षक गुंथर शुलरचं. सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्सच्या 1956 सालच्या ‘ब्लू सेव्हन’वर त्याने 1958 मध्ये लिहिलेला लेख आजही अभ्यासला जातो. रोलिन्सची सगळी उपज मूळ धुनेच्या दोन-चार स्वरांतून कशी फुलत जाते, हे त्याने जागा दाखवून सांगितलं. मुखड्यातून बढत काढणं म्हणजे काय हे जाणणाऱ्या वाचकाला तो लेख परका वाटणार नाही. हाच रोलिन्स 1960च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता.

मुंबईत परीक्षणाची एक परंपरा होतीच. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला ‘ब्लू ऱ्हिदम’ हे जाझला वाहिलेलं इंग्रजी नियतकालिक तिथे निघालं. त्यामागे निरंजन झवेरी होते. याच झवेरींनी पुढे 1978 मध्ये रंगभवनात ‘जाझ यात्रा’ सुरू केली. मुंबईबाहेरच्या रसिकांचा आधार लघुलहरी. जानेवारी 1955 पासून व्हॉइस ऑफ अमेरिकावर विलिस कोनोव्हर जाझ ऐकवू लागला, सावकाश, परदेशी श्रोत्याला कळेल अशा इंग्रजीत, वादकांची नावं सांगत. आज फोनवर जगातली कुठलीही मुद्रिका दोन क्षणांत वाजते, पण बेस कोणी वाजवला हे शोधावं लागतं. नायकाचं नाव मोठं, बाकीचे गायब. जाझमध्ये बेस आणि ड्रम ही साथ नसते, निम्मं संगीत त्यांच्याच हातात असतं. म्हणून परीक्षकाने सगळी नावं द्यावीतच.

भारतीय वाद्यं असलेल्या मुद्रिकांबद्दल आपण फार लवकर विरघळतो, तेही थांबायला हवं. 1968 सालची शंकर-जयकिशनची ‘रागा जाझ स्टाइल’ घ्या. अकरा राग, सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग. वादक एकाहून एक सरस आणि ऐकायला सुरेख. पण रागाला बढत नाही, जाझवादकाला मोकळी फेरी नाही. दोघेही पाहुण्यासारखे बसून उठतात. वीस वर्षांनी आलेली त्रिलोक गुर्टूची ‘उस्फ्रेट’ मला कितीतरी मोलाची वाटते. 1951 साली मुंबईत जन्मलेला हा तालवादक ठुमरीच्या थोर गायिका, बेळगावच्या शोभा गुर्टू यांचा मुलगा. या मुद्रिकेत आईचा आवाज आहे, आणि डॉन चेरीचा ट्रम्पेट. शोभाताईंच्या आवाजाला कोणी सजावटीपुरतं वापरलेलं नाही. बाकीची वाद्यं त्या आवाजाच्या मागे जातात, त्याच्याकडून शिकतात. त्रिलोक जमिनीलगत बसून तबला आणि ड्रम एकाच संचात वाजवतो, त्यामुळे ठेका कुठला आणि बीट कुठला हा भेदच उरत नाही.

चार्ल्स लॉइडची 2022 सालची ‘ट्रायोज: सेक्रेड थ्रेड’ याच ओळीतली. लॉइडचा सॅक्सोफोन आणि बासरी, ज्युलियन लाजची गिटार, झाकीर हुसेन यांचा तबला. मुद्रण 2020 मध्ये, महामारीच्या काळात कॅलिफोर्नियात, समोर श्रोते नसताना झालं. झाकीरभाई यात गातातही. त्या गाण्यात त्यांनी आपल्याला गवई म्हणून मिरवलेलं नाही, म्हणून ते भिडतं. लॉइड लांब स्वर सोडून थांबतो आणि झाकीरभाई त्या मोकळ्या जागेत भरणा करत नाहीत, फक्त एखादा बोल टेकवतात. त्या दोघांची खरी जुगलबंदी ऐकायची तर मात्र 2006ची ‘संगम’ आधी ऐकावी. तिथे एरिक हारलंडच्या ड्रममुळे तबल्याला तोलामोलाचा जोडीदार मिळाला आहे. ‘सेक्रेड थ्रेड’ तिच्या तुलनेत निवांत आहे, थोडी जास्तच.

शबाका हचिंग्ज या ब्रिटिश वादकाने 2023च्या अखेरीस सॅक्सोफोन बाजूला ठेवला आणि 2024 मध्ये बासऱ्यांची मुद्रिका काढली. जिथे कोल्ट्रेनची ‘अ लव्ह सुप्रीम’ झाली त्या व्हॅन गेल्डर स्टुडिओतच तिचं मुद्रण झालं. शाकुहाची या जपानी बासरीत फुंकर आणि स्वर यांच्यामधला जो भाग असतो, तो शबाका फार प्रामाणिकपणे शोधतो. पण पाहुणे गायक-वादक इतके आहेत की त्या शोधाला सलगपणा मिळत नाही. ब्रँडी यंगरची हार्प जिथे आहे तिथे मात्र थांबून ऐकावं.

सध्याच्या मुद्रिकांतून एकच निवडायची झाली तर मी विजय अय्यरची ‘कंपॅशन’ निवडेन, 2024ची. पियानोवर तमिळ आई-वडिलांचा, अमेरिकेत जन्मलेला अय्यर, बेसवर लिंडा मे हान ओ, ड्रमवर टायशॉन सोरी. तबला नाही, सतार नाही, रागाचं नाव नाही. तरीही लयीची अशी गुंफण आहे की आडलयीची सवय असलेला कान घरी आल्यासारखा होतो. स्टीव्ही वंडरची ‘ओव्हरजॉइड’ ही लोकप्रिय धून इथे आहे, तिच्यापासून सुरुवात करा. पहिल्या वेळी फक्त पियानो ऐका. दुसऱ्या वेळी पियानो विसरा आणि ओच्या बेसचा हात धरा. अय्यर सम झाकतो तेव्हा ती कशी उघडी ठेवते ते कळेल. तिसऱ्या वेळी सोरी. तो वाजवत नाही त्या जागाही मोजा. चांगल्या तबलजीबद्दल आपण ‘समजून वाजवतो’ म्हणतो, ती दाद त्याला इथे पदोपदी द्यावी लागते.