नोंदवहीची निंदणी आणि शेतकऱ्यांची कंपनी

शेतात तण माजले म्हणजे निंदणी करावीच लागते; मात्र तण काढताना पिकाचे रोप उपटले जाणार नाही, याची काळजी घ्यावी लागते. देशातील कंपन्यांच्या नोंदवहीलाही हाच न्याय लागू आहे. ही नोंदवही २००६ सालापासून संगणकावर असून तीत लाखो कंपन्यांची नावे आहेत. त्यांपैकी कित्येक कंपन्या केवळ कागदावर उरल्या होत्या. म्हणून २०१७ साली केंद्र सरकारने मोहीम हाती घेतली आणि वर्षअखेरपर्यंत सुमारे २ लाख २६ हजार कंपन्यांची नावे कमी केली.

इतकी मोठी छाटणी प्रत्येक कंपनीच्या दारी जाऊन होत नसते. ज्यांनी सलग दोन वा अधिक वर्षे हिशेब व वार्षिक विवरणपत्रे सादर केली नव्हती, त्या कंपन्या संगणकाने निवडून काढल्या. संगणकाला गोदामातील सोयाबीन दिसत नाही. त्याला केवळ दाखल झालेले कागद दिसतात.

शेतकऱ्यांशी संबंध

२००३ सालापासून कायद्याने शेतकऱ्यांना उत्पादक कंपनी स्थापण्याची सोय दिली आहे. दहा किंवा अधिक उत्पादक एकत्र येऊन अशी कंपनी काढू शकतात. बियाणे व खतांची एकत्र खरेदी, मालाची प्रतवारी व विक्री अशी कामे ती करते. परंतु मोठ्या कारखान्याप्रमाणेच तिचेही नाव याच नोंदवहीत असते व विवरणपत्रे भरण्याचे बंधन तिलाही असते. व्यवहार उत्तम चालू असून कागद मात्र दाखल झालेले नाहीत, अशी कंपनीही या निंदणीत सापडू शकते.

नाव कसे कमी होते

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २४८ अन्वये निबंधक प्रथम कंपनीस व संचालकांस नोटीस देतात. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. त्यानंतर जाहीर सूचना निघते व शेवटी राजपत्रात नाव कमी झाल्याचे प्रसिद्ध होते. नोटीस नोंदलेल्या पत्त्यावर व ई-मेलवर जाते. तो ई-मेल काम सोडून गेलेल्या व्यवस्थापकाचा असेल, तर नोटीस आल्याचे सभासदांना कळतही नाही.

नाव कमी झाल्यावर कंपनीस व्यवहार करता येत नाही. येणे वसूल करणे व देणी भागविणे एवढ्यापुरतेच तिचे अस्तित्व मानले जाते. सभासदांनी घामाच्या पैशातून उभे केलेले भागभांडवल अडकून पडते. संचालकांची जबाबदारी मात्र संपत नाही. सलग तीन वर्षे विवरणपत्रे न भरल्यास संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात.

तरीही मार्ग पूर्णपणे बंद होत नाही. राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. निबंधकांच्या आदेशाविरुद्ध तीन वर्षांत अपील करता येते; कंपनी, सभासद, धनको किंवा कामगार यांना राजपत्रातील प्रसिद्धीपासून वीस वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. परंतु हा मार्ग खर्चाचा व वेळखाऊ आहे. वेळेवर कागद भरणे त्याहून पुष्कळ स्वस्त पडते.

काय करावे

दरवर्षी सर्वसाधारण सभा घ्यावी. दोन सभांमध्ये १५ महिन्यांहून अधिक अंतर पडू देऊ नये. हिशेब तपासून घ्यावेत. विवरणपत्रे मुदतीत भरून त्यांची पोच दप्तरी ठेवावी. १ जुलै २०१८ पासून विलंबाबद्दल प्रत्येक विवरणपत्रामागे दररोज १०० रुपये आकारण्याचा नियम झाला, हे ध्यानात ठेवावे. पत्ता किंवा ई-मेल बदलल्यास तो तत्काळ नोंदवावा.

कंपनीचे काम खरोखरच थांबले असेल, तर ती तशीच पडू देऊ नये. सर्व देणी फेडून, सभासदांच्या संमतीने, नाव कमी करण्यासाठी स्वतःहून अर्ज करावा.

ग्रामसेवकांनी गावातील उत्पादक कंपनीस भेट देताना तीन प्रश्न अवश्य विचारावेत: सभा झाली काय? हिशेब तपासले काय? पोच कोठे आहे? कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची स्थितीही पाहून घ्यावी. नोंदवहीची निंदणी आवश्यक आहे व ती पुढेही होत राहील. आपले पीक तण समजून उपटले जाऊ नये, यासाठी त्याची ओळख कागदावर वेळच्या वेळी पटवून देणे, हे सभासदांच्याच हाती आहे.