तोंडातला जीवाणू मोठ्या आतड्यात : आरोपी की साक्षीदार?

लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या लेण्यांना तुमच्या शाळेची सहल गेली असेल, तर तेथील चैत्यगृहाच्या खांबांवर कोरलेली ब्राह्मी अक्षरे तुम्ही पाहिली असतील. हे लेणे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. ते खोदण्यासाठी ज्यांनी दान दिले, त्यांची नावे व गावे तेथे कोरून ठेवली आहेत. कोणी धेनुकाकटचा, कोणी सोपाऱ्याचा, तर श्रेष्ठी भूतपाल थेट वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीचा. दान पोचले कार्ल्याला. पण देणारा कुठला, हे अक्षरांनी सांगितले.

सजीवांच्या पेशींतही अशी अक्षरे असतात. डीएनए या लांबलचक रेणूत चार प्रकारच्या रासायनिक अक्षरांची रांग असते आणि ती वाचली की सजीव कोणत्या जातीचा, कोणत्या वाणाचा, हे ओळखता येते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या गाठींतील अक्षरे शास्त्रज्ञांनी वाचली, तेव्हा तेथे एक अनपेक्षित पाहुणा आढळला. त्याचे मूळ गाव होते माणसाचे तोंड! तो आतड्यात पोचला कसा? कर्करोग त्याने घडवून आणला, की गाठ झाल्यावर तो आसऱ्याला आला? या प्रश्नांचा मागोवा आपण घेणार आहोत.

टकळीच्या आकाराचा रहिवासी

आपल्या तोंडात जीवाणू राहतात हे प्रथम पाहिले हॉलंडमधील लेव्हेनहूक याने. स्वतः घासून तयार केलेल्या भिंगाखाली त्याने आपल्याच दातांवरचा पांढरट थर ठेवला आणि त्यात वळवळणारे सूक्ष्म जीव पाहून १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिले. माणसांच्या तोंडात एकूण सातशेच्या आसपास जातींचे जीवाणू आढळतात, असे आज आपण जाणतो. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी आहेत. काही तर उपयोगीही आहेत.

आपल्या कथेतील जीवाणूचे नाव आहे फ्यूजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम. सोयीसाठी त्याला फ्यूजो म्हणू. लॅटिन भाषेत 'फ्यूसस' म्हणजे सूत कातण्याची चाती. हा जीवाणू टकळीसारखा लांबट आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो, म्हणून हे नाव. त्याला प्राणवायू मानवत नाही. त्यामुळे दात आणि हिरडी यांच्यामधील फटीत, जिथे हवा पोचत नाही, तिथे तो राहतो. त्याचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. तो इतर अनेक जीवाणूंना चिकटतो. दातावर आधी बसलेले जीवाणू आणि मागाहून येणारे जीवाणू यांच्यामध्ये तो जणू पूल बांधतो. दात नीट घासले नाहीत तर हा थर जाड होतो, हिरड्या सुजतात आणि त्यांतून रक्त येऊ लागते.

गाठीत काय सापडले?

२०११ साली अमेरिकेतील बॉस्टन आणि कॅनडातील व्हँकूव्हर येथील दोन गटांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकच शोध जाहीर केला. रुग्णाच्या मोठ्या आतड्यातील गाठीचा तुकडा आणि त्याच रुग्णाच्या आतड्याच्या निरोगी भागाचा तुकडा, असे दोन्ही त्यांनी तपासले. फ्यूजोचे प्रमाण निरोगी भागापेक्षा गाठीत पुष्कळ जास्त निघाले.

हे ओळखले कसे? सुपात धान्य पाखडताना आपण दाणे ठेवतो आणि कोंडा उडवून देतो. येथे नेमके उलटे केले. गाठीत सापडलेली सगळी अक्षरे वाचली. त्यांतील माणसाची अक्षरे संगणकाच्या मदतीने वगळली आणि जे उरले ते कोणाचे, हे पाहिले. उरलेल्यांत फ्यूजो ठळकपणे दिसला.

प्रवासाचा मार्ग

हा फ्यूजो तोंडातलाच कशावरून? जपानमधील संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १४ रुग्णांची लाळ आणि गाठ यांची तुलना केली. आठ जणांच्या लाळेत आणि गाठीत, अशा दोन्ही ठिकाणी फ्यूजो मिळाला. त्या आठांपैकी सहा जणांत दोन्हीकडचा वाण अगदी एकच होता. कार्ल्याच्या खांबावरील गावाच्या नावासारखाच हा पुरावा झाला.

आता प्रवासाचा विचार करू. पहिला मार्ग सरळ आहे. आपण दिवसाकाठी सुमारे एक लिटर लाळ गिळतो आणि तिच्याबरोबर असंख्य जीवाणूही गिळतो. पण वाटेत जठर लागते. तेथील तीव्र आम्लात बहुतेक जीवाणू मरतात. मग फ्यूजो कसा वाचतो? सिॲटलच्या शास्त्रज्ञांनी २०२४ साली याचे एक उत्तर दिले. फ्यूजोच्या एका उपजातीत दिसायला सारखे, पण गुणांनी वेगळे असे दोन गट आहेत. त्यांतील दुसरा गट आम्लात तग धरू शकतो आणि आतड्यात मिळणाऱ्या काही पदार्थांवर जगू शकतो. सुमारे २०० रुग्णांच्या गाठी तपासल्या, तेव्हा जवळजवळ निम्म्या गाठींत हा दुसरा गट भरपूर प्रमाणात आढळला.

दुसरा मार्ग रक्ताचा. सुजलेल्या हिरडीतून रक्त येते, याचा अर्थ तेथून जीवाणूही रक्तात शिरू शकतात. कर्करोगाच्या गाठीतील पेशींवर एक विशिष्ट शर्करा मोठ्या प्रमाणात असते. फ्यूजोच्या अंगावरचे फॅप-२ हे प्रथिन, कुलपात किल्ली बसावी तसे त्या शर्करेवर बसते. उंदरांच्या रक्तात सोडलेले फ्यूजो अशा गाठींत जाऊन साठतात, असे २०१६ साली दिसून आले.

सापडला म्हणजे अपराधी ठरला काय?

येथे घाई करून चालणार नाही. आग लागलेल्या घराजवळ नेहमी बंबवाले दिसतात. म्हणून आग त्यांनी लावली असे आपण म्हणत नाही. गाठीच्या आत प्राणवायू कमी असतो आणि फ्यूजोला तेच हवे असते. तेव्हा गाठ आधी झाली आणि फ्यूजो मागाहून राहायला आला, असेही असू शकेल.

जीवाणू आणि रोग यांचे नाते ठरवण्यासाठी रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात काही कसोट्या घालून दिल्या. प्रत्येक रोग्यात तो जीवाणू सापडावा, निरोगी माणसात सापडू नये, तो वेगळा वाढवून निरोगी प्राण्यात सोडला तर तोच रोग व्हावा, अशा त्या कसोट्या होत. फ्यूजो पहिल्या दोन कसोट्यांत नापास होतो. निरोगी माणसांच्या तोंडातही तो असतो आणि अनेक गाठींत तो मुळीच नसतो.

पण कर्करोगासारखे रोग एकाच कारणाने होत नाहीत. म्हणून शास्त्रज्ञ वेगवेगळ्या दिशांनी पुरावा गोळा करतात. २०१३ साली दोन महत्त्वाचे निष्कर्ष पुढे आले. एक असा की, फ्यूजोचे फॅड-ए हे प्रथिन आतड्याच्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणाऱ्या प्रथिनाला चिकटते आणि त्यामुळे पेशीला 'वाढ, विभाजन पाव' असा संदेश मिळतो. दुसरा असा की, आतड्यात गाठी होण्याची आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्या उंदरांना फ्यूजो खाऊ घातला, तर त्यांना अधिक गाठी झाल्या. २०१५ साली असे दिसले की, फॅप-२ हे प्रथिन शरीराच्या रक्षक पेशींनाही थोपवून धरते. २०१७ साली तर शरीरात इतरत्र पसरलेल्या गाठींतही फ्यूजो सोबत गेलेला आढळला. माणसाची फ्यूजोयुक्त गाठ उंदरात रुजवून त्याला जीवाणूनाशक औषध दिले, तेव्हा गाठीची वाढ मंदावली.

यावरून फ्यूजो नुसता साक्षीदार नाही, तर निदान गुन्ह्यातला मदतनीस असावा, असा संशय बळावतो. मात्र हे प्रयोग पेशींवर आणि उंदरांवर झालेले आहेत. फ्यूजोला तोंडातून हटवले तर माणसाचा आतड्याचा कर्करोग टळतो, हे अजून सिद्ध झालेले नाही. जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी या जीवाणूचे उदाहरण बोलके आहे. त्याच्यामुळे जठराचा दाह होतो हे पटवण्यासाठी बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९८४ साली तो स्वतःच पिऊन पाहिला. त्याचा कर्करोगाशी असलेला संबंध जागतिक पातळीवर मान्य व्हायला १९९४ साल उजाडले, आणि मार्शल व वॉरेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते २००५ साली.

महाराष्ट्रातील पुरावा

नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही संशोधन संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनी पाखडण्याचीच ही रीत जिभेच्या कर्करोगाला लावली. ज्या गाठींत पॅपिलोमा विषाणू नव्हता अशा, रोगाच्या सुरुवातीच्या अवस्थेतील रुग्णांत फ्यूजोचे अस्तित्व अधिक दाहाशी आणि कमी आयुर्मानाशी निगडित आहे, असे त्यांनी २०२२ साली दाखवून दिले. म्हणजे हा जीवाणू आपल्या घरातही काही उद्योग करीत असावा.

परंतु आपल्याकडचीच आकडेवारी दुसरी बाजूही दाखवते. मुंबईत १९६३ पासून आणि सोलापूर जिल्ह्यातील बार्शीच्या ग्रामीण भागात १९८७ पासून कर्करोगाच्या रुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवली जाते. बार्शीकडच्या खेड्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण मुंबईपेक्षा कमी आहे. हिरड्यांचे विकार खेड्यांत कमी आहेत असे मात्र मुळीच नाही. फ्यूजो हेच एकमेव कारण असते, तर असे दिसले नसते. आहारातील कोंड्याचे प्रमाण, मांसावर प्रक्रिया करून बनवलेले पदार्थ, बैठे जीवन, लठ्ठपणा, मद्य, तंबाखू, वय आणि आनुवंशिकता या सर्वांचा त्यात वाटा असतो.

मग आपण काय करावे?

२०२२ साली जगात मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख लोक त्याने दगावले. हा रोग लवकर ओळखला तर बरा होण्याची शक्यता खूपच जास्त असते. घरात कोणाच्या शौचातून रक्त जात असेल तर 'मूळव्याध असेल' असे म्हणून गप्प बसू नये. लाजही बाळगू नये. डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

दात सकाळी व रात्री घासावेत आणि हिरड्यांतून वारंवार रक्त येत असेल तर दंतवैद्याला दाखवावे. याने आतड्याचा कर्करोग टळेल असे वचन आज कोणी देऊ शकत नाही. पण दात आणि हिरड्या वाचतील हे नक्की. मिश्रीने दात घासण्याची सवय मात्र घरातील वडीलधाऱ्यांना सोडायला सांगा. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग होतो याविषयी तिळमात्र शंका उरलेली नाही. फ्यूजोला मारण्यासाठी मनानेच जीवाणूनाशक गोळ्या घेणेही घातक आहे. त्याने आतड्यातले उपयोगी जीवाणू मरतील.

शाळेत करून पाहा

शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर शिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग करा. सकाळी दात घासण्यापूर्वी स्वच्छ काडीने दातांच्या फटीतला थोडा थर घ्या आणि तो काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरा. थर वाळल्यावर पट्टी ज्योतीवरून दोनतीनदा झरकन फिरवा. मग मिथिलिन ब्ल्यूचा थेंब मिनिटभर ठेवून पट्टी पाण्याने धुवा आणि चारशेपट मोठे करून पाहा. निळे ठिपके, साखळ्या आणि बारीक काड्या दिसतील. एखादी काडी दोन्ही टोकांना निमुळतीही असेल. पण ती फ्यूजोच आहे, असे वहीत लिहू नका. नुसत्या आकारावरून ते ठरत नाही. 'टोकांना निमुळती काडी दिसली' एवढेच लिहा. जे पाहिले तेवढेच लिहिणे आणि जे सिद्ध झाले तेवढेच म्हणणे, ही शिस्त पाळली तरच फ्यूजोवरील खटल्याचा निकाल बरोबर लागेल.