लहान प्रवाळ-मत्स्यालयातील प्रवाळांचे अनुकूलन व स्थाननिश्चिती : सुरतच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

सुरत आणि प्रवाळ यांचा संबंध जुना आहे. सतराव्या शतकात भूमध्य समुद्रातील तांबडे पोवळे युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांतून सुरत बंदरात उतरत असे. हजला जाणाऱ्या यात्रेकरूंची जहाजेही याच बंदरातून निघत. कुरआनच्या सूरह रहमानमध्ये मोत्यांबरोबर 'मरजान'चा उल्लेख येतो व अनेक भाष्यकार त्याचा अर्थ पोवळे असा घेतात. दागिना म्हणून पोवळे सर्वांच्या परिचयाचे होते; परंतु ते एका सजीवाचे घर आहे याची जाणीव फार थोड्यांना होती. अकराव्या शतकात अल-बिरुनीने स्पर्शाला मिळणाऱ्या प्रतिसादावरून प्रवाळाची गणना प्राण्यांत केली. युरोपात ही गोष्ट अठराव्या शतकात पेसोनेल या फ्रेंच वैद्याच्या निरीक्षणांनंतर हळूहळू मान्य झाली.

आज एलईडी दिवे, तयार समुद्री मीठ व लहान पंप सहज मिळतात. त्यामुळे घरात किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ऐंशी-शंभर लिटरचे खारे मत्स्यालय ठेवणे शक्य झाले आहे. मात्र टाकीत आणलेला प्रवाळ काही आठवड्यांतच आक्रसतो, पांढरा पडतो व मरतो, असा अनेकांचा अनुभव असतो. याचे कारण बहुधा रोग नसून घाई हे असते. प्रवाळाची जागा बदलली की त्याचे पाणी, प्रकाश, प्रवाह आणि शेजार ही चारही अंगे बदलतात. हे चार बदल एकाच दिवशी त्याच्यावर लादले जाऊ नयेत, यासाठी केलेली योजना म्हणजे अनुकूलन होय. तथापि, भारतात या चार प्रश्नांच्या आधी पाचवा प्रश्न उभा राहतो. तो म्हणजे, हा प्रवाळ जवळ बाळगण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? प्रस्तुत लेखात या पाचही प्रश्नांचा क्रमाने विचार केला आहे.

कायद्याची चौकट

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळांचा समावेश झाला. त्यात खडक बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन-पाइप प्रवाळ, अग्नी-प्रवाळ आणि समुद्रपंखे येतात. म्हणजे वाघाला जे संरक्षण आहे तेच या प्राण्यांनाही आहे. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. संरक्षण मात्र सैल झाले नाही. अ‍ॅक्रोपोरा, पोराइट्स किंवा 'ब्रेन कोरल' या नावाने विकला जाणारा जिवंत तुकडा घरी ठेवणे हा म्हणूनच छंदाचा नव्हे, तर गुन्ह्याचा विषय आहे. विकणाऱ्याने 'हा टाकीत वाढवलेला आहे' असे सांगितल्याने स्थिती बदलत नाही. शिक्षण व संशोधनासाठी अधिनियमाच्या कलम १२ खाली परवानगीची तरतूद आहे. परंतु पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांसाठी केंद्र शासनाची पूर्वसंमती लागते.

मश्रूम प्रवाळ, झोअँथिड आणि लेदर प्रवाळ हे मऊ शरीराचे प्राणी २००१ च्या यादीत नावानिशी आलेले नाहीत. याचा अर्थ ते कोठूनही आणावेत असा नाही. राष्ट्रीय उद्यान वा अभयारण्याच्या हद्दीतून काहीही उचलता येत नाही आणि परदेशातून आणलेल्या जिवंत प्राण्याला आयातीची स्वतंत्र कागदपत्रे लागतात. एखाद्या संस्थेने टाकी मांडण्यापूर्वी वनखात्याकडून लेखी खुलासा घ्यावा व विक्रेत्याकडे पावती आणि उगमाचा दाखला मागावा. दाखला नसेल तर प्राणी घेऊ नये. पुढील विवेचन अशा मऊ प्रवाळांना गृहीत धरून केले आहे. कठीण प्रवाळांचा उल्लेख तुलनेपुरता येतो.

सुरतचे पाणी व हवामान

सुरतजवळचा समुद्र खंभातच्या आखाताच्या तोंडाशी आहे. येथे भरती-ओहोटीचा जोर मोठा असून तापी व इतर नद्यांचा गाळ सतत ढवळला जातो. डुमस किंवा हजिऱ्याच्या किनाऱ्यावरील पाणी म्हणूनच प्रवाळाच्या टाकीस उपयोगी नाही. नळाच्या पाण्यात क्लोरिन व विरघळलेले क्षार असतात. आर.ओ. व त्यानंतर आयन-विनिमय केलेल्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम समुद्री मीठ मिसळून पाणी तयार करणे हाच खात्रीचा मार्ग होय.

नव्या टाकीत प्रथम जिवाणूंची वसाहत व्हावी लागते. अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू स्थिर होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत प्रवाळ आणू नये. त्यानंतर पुढील मर्यादा सांभाळाव्यात : तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस, विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६, सामू ८.१ ते ८.४, क्षारता ८ ते ११ जर्मन अंश, कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम, अमोनिया व नायट्राइट शून्य.

सुरतच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपर्यंत जातो, तेव्हा सर्वांत अवघड बाब तापमानाची ठरते. पृष्ठभागावर पंखा लावल्यास बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश थंड होते. परंतु पावसाळ्याच्या दमट हवेत हा उपाय लंगडा पडतो व शीतकयंत्र घ्यावे लागते. शिवाय बाष्पीभवनात पाणी उडते, मीठ मागे राहते. ८० लिटरच्या टाकीत दर लिटरला ३५ ग्रॅमप्रमाणे २,८०० ग्रॅम क्षार असतात. ४ लिटर पाणी उडाल्यास तेच क्षार ७६ लिटरमध्ये राहतात व क्षारता दर लिटरला सुमारे ३६.८ ग्रॅम होते. म्हणून रोजची भर गोड्या शुद्ध पाण्याची घालावी, खाऱ्या पाण्याची नव्हे. टाकी जितकी लहान, तितका हा चढउतार जलद. लहान टाकी सोपी असते हा समज त्यामुळेच चुकीचा ठरतो.

पाण्याशी अनुकूलन

आणलेली पिशवी बंद ठेवूनच १५ ते २० मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे तापमान समान होते. नंतर पिशवीतील पाणी व प्राणी एका स्वच्छ भांड्यात काढून बारीक नळीने टाकीचे पाणी सेकंदाला दोन ते चार थेंब या गतीने त्यात सोडावे. भांड्यातील पाणी दुप्पट झाले की पुरे. यास अर्धा ते एक तास लागतो.

ही क्रिया जितकी लांबवावी तितकी चांगली, असे मानणे धोक्याचे आहे. लांबच्या प्रवासात पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून सामू उतरलेला असतो. त्या स्थितीत साठलेला अमोनिया बहुतांश कमी विषारी अमोनियम रूपात राहतो. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड निघून जातो, सामू चढतो व मुक्त अमोनियाचे प्रमाण अनेक पटींनी वाढते. म्हणजे हळूपणालाही मर्यादा आहे.

यानंतर प्रवाळ तपासून घ्यावा. चपटे कृमी, कवच नसलेल्या लहान गोगलगायी व त्यांची अंडी बुडाशी लपलेली असतात. या कामासाठी मिळणाऱ्या आयोडीनयुक्त द्रावणात, वेष्टनावरील सूचनेप्रमाणे थोडा वेळ बुडवून, हलकेच धुऊन प्रवाळ चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणे उत्तम. पिशवीचे पाणी मुख्य टाकीत कधीही ओतू नये.

प्रकाशाशी अनुकूलन

प्रवाळाच्या ऊतींत सूक्ष्म शैवाले राहतात. प्रकाशसंश्लेषणाने तयार केलेल्या अन्नाचा मोठा वाटा ती प्रवाळाला देतात व त्याच्याकडून आसरा आणि नत्रयुक्त टाकाऊ द्रव्ये घेतात. प्रकाश किंवा उष्णता एकदम वाढली तर या शैवालांत ऑक्सिजनची घातक संयुगे तयार होतात व प्रवाळ त्यांना बाहेर टाकतो. ऊती पारदर्शक असल्याने तो पांढरा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. विरंजित प्रवाळ मेलेला नसतो, पण उपाशी असतो.

विक्रेत्याकडील मंद प्रकाशातून आलेला प्रवाळ थेट प्रखर दिव्याखाली ठेवणे म्हणजे हेच संकट घरात घडवून आणणे होय. दिव्याची तीव्रता प्रथम निम्म्यावर आणून दोन ते चार आठवड्यांत क्रमाने वाढवावी. तीव्रता बदलता येत नसेल तर दिवा व पाणी यांच्यामध्ये प्लास्टिकच्या जाळीचे चार-पाच थर ठेवून दर तीन-चार दिवसांनी एकेक थर काढावा. मश्रूम प्रवाळांना ३० ते १०० मायक्रोमोल इतका उपयुक्त प्रकाश पुरतो. फांद्यांच्या कठीण प्रवाळांना २०० ते ४०० लागतो. दोघांना एकाच उंचीवर ठेवता येत नाही, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

जागेची निवड

नवा प्रवाळ प्रथम तळाशी वाळूवर ठेवावा व तग धरल्यावर वर न्यावा. मश्रूम प्रवाळांना तळाची मंद प्रवाहाची जागा मानवते, झोअँथिडांना मधली, लेदर प्रवाळांना मध्यम ते बऱ्यापैकी प्रवाह हवा, कारण ते वेळोवेळी वरची मेणचट त्वचा टाकतात व ती वाहून जावी लागते. प्रवाह एकाच दिशेने सतत आदळणारा नसावा, उलटसुलट असावा.

शेजाराचा विचार अनेकदा राहून जातो. प्रवाळ जागेसाठी लढतात. काही कठीण जाती रात्री लांब दंशक शुंडके पसरतात, तर लेदर प्रवाळ पाण्यात रसायने सोडून इतरांची वाढ रोखतात. दोन वसाहतींत १० ते १५ सेंटिमीटर अंतर ठेवावे व वाढीसाठी जागा धरावी. पाण्यातील रसायने काढण्यासाठी सक्रिय कोळसा वापरून तो ठराविक दिवसांनी बदलावा.

जागा ठरली की घट्ट सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदाने प्रवाळाचा तळ खडकाला चिकटवावा. मश्रूम प्रवाळ गोंदाला धरत नाहीत. त्यांना खडकांच्या तुकड्यांसह जाळी बांधलेल्या वाटीत काही दिवस ठेवावे. त्यानंतर किमान दोन आठवडे हात लावू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांचे आक्रसणे स्वाभाविक आहे. देठ लांबवून वर ताणणे हे प्रकाश कमी असल्याचे, रंग फिकट होणे हे तो जास्त असल्याचे लक्षण होय. दररोज जागा बदलणाऱ्या हाताने जितके प्रवाळ मरतात, तितके चुकीच्या जागेने मरत नाहीत.

सुरक्षिततेची एक सूचना

झोअँथिडांपैकी पॅलिथोआ या वंशातील काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते. ते १९७१ मध्ये हवाई बेटांवरील पॅलिथोआपासून वेगळे करण्यात आले. हातमोजे व चष्मा लावल्याशिवाय विद्यार्थ्यांना हे प्राणी हाताळू देऊ नयेत, हातावर जखम असल्यास मुळीच नाही. असे प्राणी चिकटलेला खडक उकळू नये. वाफेतून विषबाधा होऊ शकते.

टाकीबाहेरील उदाहरणे

हेच नियम समुद्रातही लागू पडतात. कच्छच्या आखातात १९८० साली सागरी अभयारण्य व १९८२ साली सागरी राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. जामनगरजवळच्या पिरोटनसारख्या बेटांभोवतीचे प्रवाळ गढूळ पाणी व मोठी ओहोटी सोसून टिकले आहेत. मिठापूर येथे २००८ पासून गुजरात वनविभाग, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया व टाटा केमिकल्स यांनी प्रवाळ-पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. कच्छमधून नाहीशा झालेल्या अ‍ॅक्रोपोराला लक्षद्वीपमधून आणून रुजवण्याचे प्रयत्नही तेथे झाले. लक्षद्वीपचे स्वच्छ, उबदार पाणी व कच्छचे गढूळ, हिवाळ्यात गार होणारे पाणी यांतील अंतर लक्षात घेतले, की टाकीतील थेंबांची नळी कशासाठी असते हे विद्यार्थ्यांना सहज समजते. जानेवारी २०२० मध्ये भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेने मिठापूरजवळ समुद्रतळावर पोलादी सांगाडा ठेवून, सौरऊर्जेच्या अल्पदाब विजेने त्यावर खनिजांचा थर चढवण्याचा व त्यावर प्रवाळांचे तुकडे लावण्याचा प्रयोग सुरू केला.

मुंबईचे उदाहरण कायद्याच्या दृष्टीने बोलके आहे. किनारी रस्त्याच्या कामात वरळी व हाजी अली येथे प्रवाळ आढळले. महापालिकेला वनखात्याची परवानगी घ्यावी लागली आणि २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांकरवी १८ वसाहती मुंबईच्याच किनाऱ्यावर इतरत्र हलवण्यात आल्या. एवढ्या मोठ्या प्रकल्पालाही नखाएवढ्या प्राण्यांसाठी थांबून अनुमती मागावी लागली, हे टाकीसाठी प्रवाळ मागणाऱ्या विद्यार्थ्याला सांगण्याजोगे आहे.

अध्यापनातील उपयोग

ज्या कम्युनिटी कॉलेजांत मत्स्यालय-देखभालीचा किंवा प्राणिशास्त्राचा अभ्यासक्रम चालतो, तेथे एका लहान टाकीतून रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र व कायदा यांचे एकत्रित शिक्षण देता येईल. विद्यार्थ्यांनी रोज तापमान, क्षारता व सामू नोंदवावा. बाष्पीभवनाचे गणित करावे. आठवड्यातून एकदा प्रवाळाचे त्याच अंतरावरून छायाचित्र घ्यावे. परवानगी मिळेपर्यंत प्रवाळाविना, केवळ जिवंत जिवाणूंच्या खडकावर व माशांवरही निम्मा अभ्यासक्रम पूर्ण होतो. सुरत महानगरपालिकेचे पाल येथील जगदीशचंद्र बोस मत्स्यालय २०१४ मध्ये सुरू झाले. मोठ्या टाक्यांची पाणीव्यवस्था समजून घेण्यासाठी तेथे अभ्याससहल काढता येईल. सुरतेत खानदेशातून आलेली मराठी भाषक कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या मुलांसाठी नोंदवह्या मराठीतून ठेवल्यास विषय अधिक जवळचा होईल.

समारोप

एप्रिल २०२४ मध्ये चौथे जागतिक प्रवाळ-विरंजन जाहीर झाले व त्याच वर्षी लक्षद्वीपचे प्रवाळही मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. समुद्राचे तापमान एक-दोन अंशांनी वाढून काही आठवडे टिकले की काय होते, हे लहान टाकीत एका उन्हाळ्यात कळू शकते. म्हणूनच टाकीतील प्रवाळ हा शोभेची वस्तू न ठरता शिक्षणाचे साधन ठरावा. पाणी, प्रकाश, प्रवाह व शेजार यांतील बदल हळूहळू, एका वेळी एकच करणे आणि हक्काने मिळाला नसेल तो प्राणी न आणणे, ही दोन पथ्ये विद्यार्थ्यांनी आत्मसात केली, तर टाकी लहान असली तरी तिचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.